मच्छरदाणीची घडी

सर्जनशीलता मोजता येते, असं मला विद्यापीठाच्या एका गारेगार हॉलमध्ये सांगण्यात आलं. सांगणारा तरुण होता, टाय लावलेला, आणि आयुष्यात कधी रंगमंचावर पाऊल ठेवलं असेल असं त्याच्या उभं राहण्यावरून तरी वाटत नव्हतं. पडद्यावर त्याने चार रकाने दाखवले. मौलिकता, धाडस, जागेचा वापर, प्रेक्षकांवरचा परिणाम. चारही रकान्यांना सारखे गुण. आम्ही वेगवेगळ्या कॉलेजांत नाटक शिकवणारी मंडळी समोर बसून शिंगाडे खात होतो, बंगालीत म्हणजे आपले सामोसे. मी हात वर करून विचारलं, "मौलिकता म्हणजे नक्की कुणाच्या मानाने?" तो हसला. "मॅडम, ते परीक्षकाला दिसतंच." बाकीचेही हसले, आणि खोटं कशाला बोलू, मीही हसले. कर्म माझं!

मी मूळची सांगलीकडची. नवरा रेल्वेत, त्याच्या बदल्यांमागे फिरत फिरत आम्ही कोलकात्यात गार्डन रीचला येऊन पडलो. नदीकाठची रेल्वेची वसाहत, उंच छताचं क्वार्टर, आणि डास असे की इथे लोक घर लावताना आधी मच्छरदाणीचे, इथल्या भाषेत मशारीचे, खिळे ठोकतात आणि मग पलंग आणतात. घरात दोघांचं मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी आणि माझं मोडकंतोडकं बंगाली. बसून बसून कंटाळले, म्हणून बागबाजारच्या बाजूच्या एका कॉलेजात नाटकाचं प्रात्यक्षिक शिकवायची नोकरी धरली. मुलं तोंडावर मला दीदी म्हणत. पाठीमागे 'बर्गी' म्हणत, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. बर्गी म्हणजे एकेकाळी बंगालवर चालून आलेले आपले मराठे घोडेस्वार. आमच्या कॉलेजच्या अंगानेच त्यांना अडवायला म्हणून खंदक खणायला घेतला होता म्हणे. मला राग नाही आला. आपली खोडी काढण्याइतकी मुलं जवळ आली, एवढंच मनात आलं.

शिकवायची माझी पद्धत मी गावाकडून आणलेली. आमचा तिथे हौशी नाटकवाल्यांचा ग्रुप होता, एकांकिका स्पर्धा करणारा. तालमीत कुणाला काही सापडलं, एखादी लकब, थांबण्याची जागा, हातातल्या वस्तूचा काही खेळ, की दिग्दर्शक ओरडायचा, "मधे ठेव!" म्हणजे ते आता सगळ्यांचं झालं. ज्याच्या भूमिकेला शोभेल त्याने उचलावं. कुणी कुणाला 'हे माझं' म्हणायचं नाही. नाटक असंच उभं राहतं, दुसऱ्या कुठल्या रीतीने उभं राहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही. कोलकात्याच्या माझ्या वर्गातही मी हेच रुजवलं. मराठीतलं 'मधे ठेव' त्या मुलांनी जसंच्या तसं उचललं. कुणी काही बरं केलं की सगळी बंगाली पोरं एका सुरात ओरडायची, "मोधे ठेव!" ऐकून मला इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू!

त्या वर्गात एक मुलगी होती. अंगाने किरकोळ, तेल लावून घट्ट घातलेली वेणी, बोलताना मान किंचित खाली. गार्डन रीचच्याच एका गल्लीत राहायची, त्यामुळे आमची जाण्यायेण्याची वाट एकच होती. धर्मतल्ल्यापर्यंत बस, तिथून डमडमकडे जाणाऱ्या मेट्रोने श्यामबाजार, पुढे चालत. वडील जहाजं बांधतात तिथे कंत्राटावर वेल्डर होते, ती शाळेत असतानाच वारले. आई एका नर्सिंग होममध्ये आया. कॉलेजात तिला अगदी शेवटच्या यादीत प्रवेश मिळाला होता, म्हणून हजेरीत तिचा नंबर शेवटचा. या शेवटच्या नंबराने पुढे काय घात केला ते सांगतेच.

तिला दिग्दर्शन करायचं होतं. अभिनय नाही, दिग्दर्शन. आमच्याकडे शेवटच्या वर्षाला दिग्दर्शनाचा गट असतो, त्यात मोजक्याच मुलांना घेतात, आणि घेतात ते दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाच्या गुणांवर. आईने तिला स्पष्ट सांगितलं होतं. त्या गटात गेलीस तर आणखी एक वर्ष मी कसंही रेटते, नाही तर आमच्या डॉक्टरांच्या ओळखीने डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला जागा आहे, ती धरायची. आईचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. बाईला घर चालवायचं होतं.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मी वर्गाला एक साधा प्रसंग दिला. फोन येतो, घरातलं कुणीतरी गेल्याची बातमी असते, पुढे काय होतं ते करून दाखवा. झालं! एकेकाने असा काही हंबरडा फोडला की शेजारच्या वर्गातून शिपाई बघायला आला. एकाने भिंतीवर डोकं आपटलं, एक जमिनीवर लोळली, एकाने फोनच भिरकावला. मी डोक्याला हात लावून बसले होते.

मग ही उठली. हवेत हात वर करून तिने काहीतरी सोडवायला घेतलं. एक कोपरा सोडवला, दुसऱ्याकडे गेली, आणि आम्हांला कळलं की मच्छरदाणी काढतेय. तेवढ्यात फोन आला. तो तिने मान वाकडी करून कानाखांद्यात धरला, हात चालूच. दोनदा "हं" म्हणाली. फोन ठेवला. आणि मच्छरदाणीची घडी घालायला लागली. कोपऱ्याला कोपरा लावला, मधला भाग हनुवटीखाली दाबून धरला, हाताने सारखा केला. कड जुळली नाही, म्हणून घडी मोडली, पुन्हा घातली. मग ती घडी फळीवर ठेवली, वरून एकदा हात फिरवला, आणि खाली बसली. बस्स. रडली नाही, काही नाही.

वर्गात कुणी हललं नाही. मी म्हणाले, "मधे ठेव." पोरांनी आरोळी दिली आणि तिने लाजून मान आणखी खाली घातली.

त्या दिवसापासून वर्ग बदलला, खरंच सांगते. तिने सगळ्यांना एक किल्ली दिली होती. माणसावर काही कोसळतं तेव्हा तो आधी हातातलं काम संपवतो. मुलं आपापलं काम शोधायला लागली. एक मुलगी कणीक मळायला लागली. एक मुलगा बुटाची नाडी बांधायचा. एक उंच, देखणा, गोड आवाजाचा मुलगा होता, तो भिजलेली छत्री मिटायचा. आणि ही त्या प्रत्येकाच्या मागे उभी. कॉलेज सुटल्यावर थांबायची, एकेकाला दुरुस्त करायची. छत्रीवाल्याला म्हणायची, "अरे, लगेच मिटू नकोस ना. आधी पाणी झटक. एखादी काडी वाकलीय का बघ. मग पट्टा लाव." तो तसं करायचा आणि बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. ती दिग्दर्शक होतीच हो. गट मिळायचा तेव्हा मिळो, ती आधीपासूनच होती.

एकदा बसमध्ये आम्हांला शेजारी जागा मिळाली. मी विचारलं, "ते मच्छरदाणीचं तुला कुठून सुचलं गं?"

ती खिडकीबाहेर बघत बोलली. "सुचलं नाही, दीदी. आईचं आहे ते. बाबांचा फोन आला ना, म्हणजे बाबांच्या कामावरून, तेव्हा सकाळ होती. आई मशारी काढत होती. तिने ऐकलं, आणि पूर्ण घडी घातली. फळीवर ठेवली. आम्हां भावंडांना म्हणाली, चुरमुरे खाऊन घ्या. आणि मग बसली. मला तिचा इतका राग आला होता! कशी बाई आहे ही, असं वाटलं. खूप नंतर कळलं."

"काय कळलं?"

"घडी संपेपर्यंत बाबा होते."

बस खिदिरपूरच्या गर्दीत अडकली होती, कंडक्टर ओरडत होता, आणि ती आपली तिकिटाची सुरळी करत बसली होती.

परीक्षा जवळ आली तेव्हा मला पहिल्यांदा धास्ती वाटली. प्रात्यक्षिकाला प्रत्येकाने एकट्याने छोटा प्रसंग करायचा, विषय 'बातमी'. विषय विद्यापीठाकडून आलेला. बाहेरून परीक्षक येणार आणि सर्जनशीलतेचे ते चारही रकाने तेच भरणार. माझ्या हातात हजेरीचे आणि वर्षभराच्या वर्तणुकीचे गुण, म्हणजे वाटीच्या तळाशी उरलेली साखर. मुलं रोल नंबरप्रमाणे जाणार. मला दिसत होतं काय होणार ते. मी ऑफिसात गेले, म्हटलं, "चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवू या." क्लार्कबाबूंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "मॅडम, सिस्टीममध्ये रोल नंबरनेच येतं." मग मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, तू दुसरं काहीतरी कर. ती गोंधळली. "दुसरं काय, दीदी? हेच तर माझ्याकडे आहे." आणि मग माझ्याच शब्दांत मला म्हणाली, "सगळ्यांनी तेच घेतलंय म्हणजे ते चांगलं आहे ना?"



परीक्षक आले. साठीचे गृहस्थ, खादीचा झब्बा, चष्म्याला दोरी, बोलायला अत्यंत गोड. मी मराठी आहे कळल्यावर म्हणाले, "अरे वा, बर्गी आत शिरले तर!" आम्ही हसलो. त्यांना खलनायक करून मला सोडवून घेता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण ते तसे नव्हते. नाटकात हयात घालवलेला माणूस होता. पहिल्या मुलीने बातमी ऐकून कणीक मळायला घेतली तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले. छत्रीवाल्याने छत्री झटकली, वाकलेली काडी बोटाने सरळ केली, पट्टा लावला, तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. खरंखुरं पाणी होतं डोळ्यांत. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "काय निरीक्षण आहे पोराचं!"

मी तोंडाला कुलूप लावून बसले होते. प्रयोग चालू असताना अंतर्गत परीक्षकाने बोलायचं नाही, असा नियम.

मग नाडीवाला आला. मग एकीने डाळ निवडली, एकाने इस्त्री केली. परीक्षकांच्या चेहऱ्यावरचं कौतुक उतरत गेलं. ते मागे टेकले. पुढे पुढे तर कुणी फोन उचलला की त्यांचे ओठ वाकडे व्हायचे. चहा आला. शेवटी हिचा नंबर पुकारला, ती आली, आणि हवेतला पहिला कोपरा सोडवायला तिने हात वर केला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे वाकून विचारलं, "ही काय आवरणार आहे?"

"बघा तर," मी म्हणाले.

त्यांनी पाहिलं. बिस्किट खात का होईना, पाहिलं. तिने इतकं चांगलं कधीच केलं नव्हतं. तो फोन, ते "हं", हनुवटीखालची घडी, न जुळलेली कड. माझ्या डोळ्यांसमोर गार्डन रीचमधली ती खोली उभी राहिली, फळीसकट. आणि परीक्षक बाहेरच्या रस्त्याकडे बघावं तसे बघत होते. त्यांना दिसत होती ती एक परत एकदा मिटलेली छत्री.

नंतर तोंडी प्रश्न. त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "बेटा, हे कुणाचं बघून केलंस?"

मी मनात ओरडत होते, अगं सांग! आईचं सांग, बाबांचं सांग, घडी संपेपर्यंतचं सांग! ती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "वर्गात सगळेच करतात, सर."

मला राहवलं नाही. "सर, मुळात ते हिनेच..."

त्यांनी हात वर केला. "मॅडम, प्लीज. तोंडी परीक्षा चालू आहे."

ती नमस्कार करून गेली. मौलिकतेच्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं ते मला शेजारून दिसलं. रिकामं सोडलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

स्टाफरूममध्ये मी त्यांना गाठलं. सगळं सांगितलं. वर्गातला तो पहिला दिवस, 'मधे ठेव', तिने एकेकाला कसं घडवलं, वडिलांचा फोन, आईची घडी. बंगाली तर केव्हाच संपलं होतं, हिंदी-इंग्रजीची नुसती खिचडी चालली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. संदेश मिठाईची बशी बाजूला सारली.

"मी तुमच्यावर विश्वास ठेवतो," शेवटी म्हणाले. "पण मग मला सांगा, बाकीच्यांचं काय करू? हे तिचं असेल तर त्यांचं नाही. छत्रीवाल्याला मी मौलिकतेचे भरभरून गुण दिलेत. ते काढू?"

त्या मुलाचीही तीच आशा होती, तोही त्याच गटासाठी झटला होता. आणि त्याने चोरी केली होती का? मीच दिलं होतं त्याला, तिच्या हातून.

"काढू नका," मी म्हणाले. "तिलाही द्या."

"मौलिकता सगळ्यांना कशी देता येईल हो? मग तिला मौलिकता का म्हणायचं?" त्यांनी चष्मा पुसला. "मी जे पाहिलं त्याला गुण देतो. कुठून आलं ते मला खुर्चीतून दिसत नाही. खरं सांगू का, मला वाटलं तुम्ही सगळ्यांकडून एकच युक्ती घोटवून घेतलीय."

हे वाक्य मला तोंडात मारल्यासारखं लागलं. युक्ती! त्या बाईने नवरा मेल्याचं ऐकून घातलेली घडी, ती माझी युक्ती!

प्राचार्यांकडे गेले. लेखी द्या म्हणाले, दिलं. गुण सिस्टीममध्ये भरले गेलेत, आता ते उघडत नाही, असं उत्तर आलं. छत्रीवाला मुलगा आपण होऊन माझ्याकडे आला, रडकुंडीला आलेला. "दीदी, मी जाऊन सांगतो, ते तिचं होतं म्हणून." तो सज्जन होता, आणि हे मी मुद्दाम सांगतेय, कारण या सगळ्यात एकही माणूस वाईट निघाला असता तर मला झोप लागली असती. पण तिनेच त्याला अडवलं. "तू काही बोलू नकोस. तुझी छत्री तुझीच आहे." तो गेला, आणि गटात त्याची निवड झाली. हिची झाली नाही.

घरी मी जेवलेच नाही. हे म्हणाले, "अगं, मार्क म्हणजे सगळं आयुष्य नसतं."

"अहो, तिच्यापुढे तेवढंच ठेवलं होतं ना पण!" मी ताट ढकललं. "आणि कुणी ठेवलं? आपणच."

"आपण म्हणजे कोण?"



शेवटचे काही दिवस ती कॉलेजला आली, नाव काढून घ्यायला वगैरे. बसमध्ये एकदा माझ्या शेजारी बसली. मी तिला नाही नाही ते धीर देत होते. दुसरीकडे प्रयत्न कर, बाहेरच्या ग्रुपमध्ये जा, मी बोलते कुणाशी. ती ऐकत होती. मग एकदम तिने विचारलं, "दीदी, ते खरंच माझंच होतं का?"

"म्हणजे काय? तुझ्या डोळ्यांसमोर..."

"नाही, ते ठीक आहे. पण त्याने छत्रीचं केलं ना, ते माझ्याहून चांगलं होतं. सर रडले. माझ्या वेळी बिस्किट खात होते." ती हसली. खरंच हसली, आणि मला ते हसू बघवलं नाही. "कदाचित मीच त्याचं बघून केलं असेल. शेवटी शेवटी काही कळत नव्हतं."

मी भांडभांड भांडले तिच्याशी. आवाज चढला, बसमधले लोक वळून बघायला लागले. ती "हो दीदी, हो दीदी" करत राहिली. तिचा स्टॉप आला, ती उतरली.

माझं शिकवणं चालूच आहे, नाही तर दुसरं काय करणार? यंदाच्या वर्गातही चार बरी मुलं आहेत. मध्यंतरी एका मुलीने सासऱ्याला पाणी देणारी सून केली, पेला ठेवताना आवाज होऊ नये म्हणून आधी करंगळी टेकवली आणि मग त्यावर पेला. अशी करंगळी मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. माझ्या ओठांवर ते दोन शब्द आले, आणि तिथेच थांबले. मी तिला वर्ग सुटल्यावर बोलावलं आणि म्हणाले, "हे परीक्षेपर्यंत कुणाला दाखवू नकोस." ती शहाणी मुलगी, लगेच समजली. आता आमच्याकडे सगळी मुलं दारं लावून तालीम करतात. कुणी आत डोकावलं की बोलणं थांबतं. गुण चांगले पडताहेत. परवा प्राचार्यांनी माझं अभिनंदनसुद्धा केलं. नाटक मात्र एकही उभं राहिलेलं नाही, पण नाटकाला रकाना नाही.

ह्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, म्हणून आम्ही खिदिरपूरच्या बाजूच्या एका दवाखान्यात गेलो. सकाळची वेळ, बाकं भरलेली. काउंटरच्या काचेमागे ती होती. मी आधी ओळखलंच नाही. वेणीच्या जागी अंबाडा, अंगात दवाखान्याचा निळा कोट. तिने मला ओळखलं, बाहेर आली, त्या गर्दीत वाकून पायाला हात लावला. मी तिला उठवून जवळ घेतलं. आईची चौकशी केली. आई बरी होती. कामही बरं होतं म्हणाली, डॉक्टर चांगले आहेत.

"काही करतेस का गं?" मी विचारलं. ती समजली, काय ते.

"नाही दीदी."

मग माझ्या हाताशी चाळा करत, मान तशीच खाली घालून तिने सांगितलं, "आजी गेली माझी. दुर्गापूजेच्या आधी. गावाहून काकांचा फोन आला तेव्हा सकाळ होती. मी मशारी काढत होते."

मी तिचा हात घट्ट धरला.

"घडी घालायला घेतली," ती म्हणाली. "एक कोपरा लावला आणि हातच थांबले. वाटलं, हे मी नक्कल करतेय. कुणीतरी खुर्चीत बसून बघतंय, आणि म्हणतंय, हे झालंय आधी. मग मी ती तशीच खाली टाकून दिली. तेवढ्यात आई आली, तिने उचलली." ती जरा थांबली. "रडले नंतर. पण तेही कुणाचं तरी पाहिल्यासारखं वाटलं."

मी नुसती तिच्या मनगटावरून हात फिरवत राहिले. काउंटरवर लोक खोळंबले होते, कुणीतरी काचेवर नाणं वाजवलं. "येते हं, दीदी," म्हणत ती आत गेली.

बाकावर आले तेव्हा ह्यांच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी विचारलं, "कोण गं होती?"

"विद्यार्थिनी," मी म्हणाले.

"हुशार आहे?"

तेवढ्यात काचेमागून ह्यांचं नाव पुकारलं गेलं. तिनेच पुकारलं, मीच शिकवलेल्या आवाजात, पोटातून काढलेल्या, शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट पोचणाऱ्या. ह्यांना दिसत नव्हतं, म्हणून मी त्यांचा हात धरला आणि डॉक्टरांच्या खोलीकडे घेऊन गेले.